तिसऱ्या चाकाच्या आतला रंग

११ फेब्रु. १९९६, रवि. पिंप्राळा

धुळ्याहून परत. मिलिंद स्वतः गाडीने सोडून गेला. धाकटा भाऊ असून सात वर्षांत त्याने मला कशासाठीही बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते चाकं बघायला!

त्याच्या जुन्या मारुतीला अलॉय चाकं हवीत. चौदा एप्रिलच्या जयंतीला गाडी धुऊन-पुसून, नव्या चाकांवर, मायला पुढच्या सीटवर बसवून दोंडाईच्याकडच्या आपल्या गावी न्यायची. हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडे चार चाकांचा सेट आला होता, कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीचा. पुठ्ठ्याला चार भोकं पाडून माप नेलं होतं, ते बसलं. मी एकेक चाक उचलून फिरवलं, नाण्याने वाजवलं. तिसऱ्याचा आवाज जरा दबका. आतल्या बाजूला रंग जाड, ब्रशने मारल्यासारखा. बाकी तिन्हींना स्प्रेचा.

मि. चाकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. "भाऊ, तू घे म्हणशील तर घेतो."

मी म्हटलं, घे.

आता साफसफाई, पॉलिश, रंग माझ्याकडे. चारही चाकं गोणपाटात बांधून मागच्या अंगणात. बायको, शा., बघायला आली. म्हणाली, ही जर्मलची चाकं का? म्हटलं, हो, जर्मलचीच, अ‍ॅल्युमिनियमची, पण श्रीमंताघरची.

१३ फेब्रु., मंगळ.

फर्स्ट शिफ्ट. दीपनगरच्या वीजकेंद्रात आज दिवसभर पाइपांचे जोड तपासले. चोवीस वर्षं हेच चाललंय. कुठे चीर आहे, कुठे गळेल, ते आधी सांगायचं. प्लांटमध्ये याचा पगार मिळतो. घरात याच कामाने भाऊ दुरावला.

८९ साली मि.ने धुळ्याला प्लॉट ठरवला होता. मी चार माणसांत कागद हातात घेतले आणि म्हटलं, यात घोळ आहे. त्याने सौदा मोडला. घोळ काही नव्हता. दुसऱ्याने तोच प्लॉट घेतला, आता त्यावर दुमजली घर उभं आहे, खाली दवाखाना. मि. रोज त्याच रस्त्याने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. तेव्हा एवढंच म्हणाला होता, "तुला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

म्हणून परवा भंगारवाल्यासमोर मनाशी ठरवलं होतं, या वेळी खोट काढायची नाही.

१८ फेब्रु., रवि.

फजिती.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा आणला. लोखंडावर आम्ही तोच वापरतो. अर्ध्या ड्रमात पाणी, त्यात कॉस्टिक, त्यात चाक. दोन मिनिटांत सोड्याच्या बाटलीसारखं फसफसायला लागलं. वास, वाफ. आकड्याने ओढून बाहेर काढलं तर रंग गेलेला, पण चाक तव्यासारखं काळं.

शा. दारातून बघत होती. तिने विचारलं, जर्मलचं पातेलं कुणी सोड्यात घालतं का? माझ्या आईने सुद्धा कधी घातलं नाही. चोवीस वर्षं फिटर आहे मी, आणि तीन इयत्तांना मराठी शिकवणाऱ्या बाईने मला धातू शिकवला.

चारांतलं नेमकं तिसरं चाक आधी घातलं. का, कोण जाणे.

१९ फेब्रु., सोम.

शा.ने चिंच भिजवून दिली. नारळाच्या शेंडीने घासत बसलो. काळं सुटतं आहे, खालून दुधासारखा रंग येतो आहे. पाणी टाकलं, पुन्हा चिंच. तासाभरात चाक उजळलं.

एक पट्टा सोडून. आतल्या कडेपासून एका आऱ्यापर्यंत, वीतभर लांब, करडा. कितीही घासा, उजळत नाही. तिथला धातूच वेगळा आहे. कुणीतरी वेल्डिंग मारून, घासून, वरून ब्रशने रंग दिलाय.

त्या जाड रंगाखालचं हे.

२५ फेब्रु., रवि.

शा.च्या शाळेच्या पर्समधून खडू घेतला. प्लांटमध्ये चीर शोधायला लाल औषधाची टेस्ट असते, तिचीच ही गरिबाघरची बहीण. चाक कोरडं करून पट्ट्यावर रॉकेल लावलं, थोडं मुरू दिलं, फडक्याने स्वच्छ पुसलं. वरून खडूची पूड. मग बसून राहिलो.

पाच मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. वेल्डिंगच्या कडेने, बोटभर लांब. केसापेक्षा बारीक.

पुसलं. परत लावलं. परत तिथेच.

बाकीच्या तिन्ही चाकांचा रंग दुकानातल्या रिमूव्हरने काढला आणि त्यांनाही हीच टेस्ट दिली. स्वच्छ. एक रेघ नाही. खरं तर आनंद व्हायला हवा होता.

२ मार्च, शनि.

जेवणाच्या सुटीत चौधरीला चाक दाखवलं. आमच्याकडे आर्गॉन वेल्डिंगला त्याच्यासारखा हात नाही. त्याने चष्मा लावला, अंगठ्याने रेघ चाचपली, चाक उलटं करून पुन्हा बघितलं. मला वाटलं, म्हणेल, एवढंच ना, ठेव.

म्हणाला, "मारून देतो भो. दिसणार पण नाही. पण त्या गाडीत मी बसणार नाही."

चाक परत घरी आणलं. शटल गाडीत मांडीवर होतं. समोरच्या बाईने विचारलं, हे काय आहे? सांगितलं, चाक. ती म्हणाली, एवढं हलकं?

१० मार्च, रवि.

समोरच्या पवारबाईंकडे मि.चा फोन. तीन वर्षं त्यांचा नंबर त्याच्याकडे आहे, आज पहिल्यांदा वापरला. चाकं कुठवर आली? म्हटलं, होताहेत. घाई तर नाही ना होत भाऊ तुझी? नाही म्हटलं. मग तो बोलतच राहिला. दुकानात दोन मोठ्या मोटारी आल्यात, मायचा गुडघा बरा आहे, माय शेजारणींना सांगत फिरते की मी पुढे बसणार. पांढरं पातळ आत्ताच इस्त्री करून ठेवलंय. चांगलं पाचेक मिनिटं बोलला. पवारबाई घड्याळ बघायला लागल्या तेव्हा ठेवला.

एवढं बोलला आणि मी मूग गिळून.

१७ मार्च, रवि.

तीन चाकं झाली. आधी पाण्याचा पॉलिश-पेपर, मग बारीक पेपर, मग गावातल्या भांडी पॉलिश करणाऱ्याकडे बफ मारून आणली. तो म्हणाला, आयुष्यात हंडे-कळशा केल्या, गाडीला पहिल्यांदा चमकवतोय. आऱ्यांमध्ये चंदेरी रंग, कडा नुसत्या चकचकीत. हात आपोआप फिरतो त्यांवरून.

चौथं, म्हणजे ते तिसरं, कोपऱ्यात गोणपाटाखाली.

२४ मार्च, रवि.

वाटा मोजतो आहे.

एक. चौधरीकडून वेल्डिंग, वरून रंग, तोंड बंद. मि. खूश, माय खूश. धुळे-दोंडाईचा रस्त्यावर खड्डे किती, ते मला माहीत आहे.

दोन. हे चाक स्टेपनीला ठेवा म्हणायचं. पण मग चौथं कुठून आणायचं, आणि स्टेपनी लागते ती नेमकी आडरानात.

तीन. बफ करताना मशीनवरून पडलं, तडा गेला, माझी चूक, असं सांगायचं. हे सगळ्यांत सोपं. मी वेंधळा ठरेन, खोट काढणारा नाही. दोन दिवस हेच बरं वाटत होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

मग ही वही चाळली. ११ फेब्रु.चं पान. जाड रंग, दबका आवाज. माझ्याच अक्षरात.

७ एप्रिल, रवि.

शा.ला सगळं सांगितलं. प्लॉट तिला माहीत होता, जाड रंग नव्हता. पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. म्हणाली, तेव्हा नसलेली खोट काढलीत. आता असलेली गिळलीत. दोन्ही वेळा तुम्ही भावाचा नाही, स्वतःचाच विचार केलात.

राग आला. जेवलो नाही. संध्याकाळपर्यंत तो राग तिच्यावरचा नाही, हे कळलं.

खरं लिहितो. मला भावाची भीती वाटते. सहा फूट उंच आहे म्हणून नाही. तो पुन्हा फोन करायचा बंद होईल म्हणून.

१३ एप्रिल, शनि. धुळे

रजा टाकली. सकाळच्या एस.टी.ने चारही चाकं. कंडक्टरने लगेज लावलं, वर म्हणाला, गाडी कुठे राहिली?

मि. दुकानात होता. तीन चाकं गोणपाटातून काढली. त्याने हातातली तांब्याची तार ठेवून दिली, हात पुसले, मगच हात लावला. एका चाकात त्याने आपलं तोंड बघितलं. शेजारच्या दुकानदाराला हाक मारायला निघाला, मी थांबवलं. म्हटलं, चौथं बघ आधी.

सांगितलं. त्याने एकच शब्द काढला, "दाखव."

त्याच्याच स्टोव्हमधलं रॉकेल घेतलं. लावलं, पुसलं, खडू लावला. दोघं स्टुलांवर बसून बघत राहिलो. रेघ आली. त्याने अंगठ्याने पुसली. मी परत खडू लावला, परत आली.

मग विचारलं, "घेताना दिसलं होतं तुला?"

मशीनवरून पडलं, हे वाक्य तोंडाशी होतं. अजून होतं.

"चीर नव्हती दिसली. रंग जाड दिसला होता. आवाजही दबका वाटला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणशील, भाऊ पुन्हा खोट काढतोय."

तो उठला. चाक भिंतीला टेकवून ठेवलं. मोटारीची तार परत हातात घेतली आणि गुंडाळायला लागला. म्हणाला, "सात वर्षं मला वाटत होतं, तुला माझं चांगलं बघवत नाही. आता काय समजू?"

रात्रीचं जेवण मायने वाढलं. दोघं खाली मान घालून जेवलो. माय म्हणाली, "काय रे, दोन्ही जण मुका व्हयी गयात का?" मि.ने सांगितलं, चाकं नाही झाली माय, जुन्याच चाकांवर जाऊ. माझं नाव घेतलं नाही. माय म्हणाली, "गाडी लोखंडना चाकसवर चालस ना? मंग चला."

१४ एप्रिल, रवि. गाव

पहाटे मि. गाडी धूत होता. मी दुसरी बादली घेतली. त्याने नको म्हटलं नाही, घे म्हटलं नाही. लोखंडी चाकं मी घासली. शेवटच्या चाकाचा एक नट ढिला होता, बोटाला लागला. बोलावं की नाही, याचा क्षणभर विचार आला, म्हणजे माझी काय दशा झाली असेल! म्हटलं, मिलिंद, हा ढिला आहे. त्याने पाना आणून आवळला. मग बाकीचे पंधराही आवळून बघितले.

माय पुढे, पांढऱ्या पातळात, काचेतून बाहेर हात हलवत. शिंदखेड्यानंतर रस्ता फुटलेला. प्रत्येक खड्ड्याला मी मागच्या सीटवरून डाव्या पुढच्या चाकाकडे कान देत होतो. ते चिरेचं चाक दुकानात भिंतीला टेकून आहे, हे माहीत असून.

गावात मिरवणूक छान झाली. मुलींचं लेझीम. कुणी चाकांकडे बघितलं नाही. सगळे मायकडे बघत होते.

परतताना मि.ने मला धुळे स्टँडवर सोडलं. पिशवी हातात दिली. नीट जा म्हणाला. एवढंच.

२१ एप्रिल, रवि.

फोन नाही. पवारबाईंच्या घरात घंटी वाजली की कान तिकडे. दोनदा वाजली, दोन्ही त्यांच्या जावयाची.

२८ एप्रिल, रवि.

आज मीच करणार होतो. पवारबाईंकडे जाऊन नंबर फिरवला, एक रिंग झाली, ठेवून दिला. शा. म्हणाली, तुम्ही बोललात ना, आता त्याला वेळ लागू द्या. शाळेला सुट्ट्या लागल्यात, तिच्याकडे वेळच वेळ आहे.

अंगणात ड्रमाच्या तळाशी काळा गाळ बसलाय. अजून टाकलेला नाही.

२ मे, गुरु.

ड्यूटीवरून आलो तर पवारबाई फाटकात उभ्या. दुपारी धुळ्याचा फोन होता. मी घरी नाही म्हटल्यावर निरोप ठेवला. त्यांनी विसरायला नको म्हणून पावतीच्या मागे लिहून घेतला होता, वाचून दाखवला. दुसऱ्या भंगारवाल्याकडे तसंच एक चाक आलंय. त्याला रविवारपर्यंत ठेवायला सांगितलंय. घेतलेलं नाही. भाऊंना म्हणावं, खडू घेऊन या.

मी विचारलं, अजून काही म्हणाला का? नाही म्हणाल्या, एवढंच. आवाज कसा होता? त्या हसल्या. फोनवर काय कळतंय, म्हणाल्या, खरखर फार होती.

त्या चाकातही रेघ निघाली तर? निघू शकते. भंगारच आहे. मी सांगेन आणि तो माझ्या तोंडाकडे बघेल, मग काय होईल ते तिथे कळेल.

शा.कडे दोन खडू मागितले. तिने डबा पुढे केला, एकाने होत नाही का म्हणाली. होतं. तरी दोन घेतले. एक मिलिंदला.