सपाट न झालेली रेघ

पुणे, डिसेंबर १९८८

वच्छलाताईस धाकट्या प्रभाकरचा नमस्कार.

मी बरा आहो. तुझी सुधा चालायला लागली का?

हापिसात कॉम्प्युटरवर आवाज भरायचा अन् वाजवायचा प्रोग्राम लिहून राहिलो. पत्राऐवजी तू बोलून पाठवलेली कॅसेट त्यात भरली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. "सुखात आहो" म्हणून तू थांबलीस, पण टेप बंद करायला विसरलीस. मग रेघ सपाट व्हायला पाहिजे होती, ती सात वेळा उसळली. आवाज वाढवला तर काठी ऐकू आली. तुझं ओरडणं एकदाही नाही. तोंडात पदर कोंबला होता का?

सामान बांध.

तुझा प्रभाकर

ता.क. सौसर, तुमच्या दारात उभा राहून. भाऊजी, ताईची पत्रं तुम्हीच आधी फोडता, म्हणून हे पोस्टात न टाकता दाराखालून सरकवतो. काठी मीही आणली आहे. दार उघडा.