सीट तापली होती

बाबा,

तुमच्या गाडीच्या सीटवर पापड भाजून निघेल असं आई म्हणायची, आणि तुम्ही लगेच म्हणायचे, "मंग लाटून आण." काळं रेक्झिन, जागोजागी चिरलेलं, आणि अमरावतीतला मे महिना. दार उघडलं की आतली झळ तोंडावर यायची. फ्रॉकमधली मी बसायला जायचे आणि मांडीला चटका बसला की बोंबलत बाहेर. आई टॉवेल अंथरायची, पदर दुमडून खाली घ्यायची. एकदा तर तिनं पोतं भिजवून टाकलं आणि मामाच्या घरी आपण सगळे मागून ओलेचिंब होऊन पोहोचलो. असले उपाय तुम्हाला मान्य नव्हते. "थांब बाई, मी बसतो आधी," म्हणत तुम्ही काळ्या कोटासकट आमच्या जागेवर, मागच्या सीटवर जाऊन बसायचे. पुढं ड्रायव्हर नाही, मागं वकीलसाहेब एकटेच, भर उन्हात. रस्त्यानं जाणारे नमस्कार करायचे, तुम्हीही आतून हात जोडायचे. थोड्या वेळानं बाजूला सरकायचे, "बस आता. उतरला तिचा राग." तुमच्या बसण्यानं सीट खरंच थंड व्हायची का, देव जाणे. पण मग मी बसायचे, आणि रडायचे नाही.

तुमचं दुसरं शास्त्र सावलीचं. दर्यापूरच्या कोर्टात तारीख असली आणि मला सुट्ट्या असल्या की तुम्ही मला सोबत न्यायचे. आवारात कडुलिंबाखाली मस्त सावलीची जागा रिकामी दिसतेय, आणि तुम्ही गाडी लावताय तिच्या शेजारी, रखरखत्या उन्हात. चपराशी ओरडायचा, "साहेब, इकडं घ्या ना, सावली आहे!" तुम्ही आधी वर पाहायचे, मग झाडाकडं. "आता आहे. मले आता कुठं जायचं आहे? मले चार वाजता जायचं आहे. सावली येऊन राहिली इकडं." आणि यायची हो! चारला बाहेर पडावं तर बाकीच्यांच्या गाड्या उन्हात भाजताहेत आणि आपली सावलीत. तेव्हा तुम्ही कोट खांद्यावर टाकून असे चालायचे की खटला जिंकूनच आले. पुष्कळदा हरलेला असायचा. एकदा मात्र फजिती झाली. दुपारून वायरमननं येऊन तारांना लागणाऱ्या फांद्या छाटून टाकल्या. आपण बाहेर आलो तर झाडाचं टक्कल झालेलं आणि गाडी उन्हात. तुम्ही बराच वेळ कमरेवर हात ठेवून त्या झाडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपला साक्षीदारच फितूर झाला." मी इतकी हसले की त्या दिवशी चटका बसला तरी कळला नाही.

माझ्या लग्नातही तुम्ही तेच करून राहिले होते. पोरीचं लग्न, गुरुजी तुम्हाला शोधताहेत, अकोल्याची मंडळी जेवायला बसायचीत, आणि तुम्ही फेटा बांधून कार्यालयाच्या मागच्या आवारात नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरला "मागं घे, अजून मागं" करत उभे. तो बिचारा म्हणतोय, "काका, इथं तर ऊन आहे." तुम्ही म्हणताय, "येऊन राहिली सावली. पोरगी निघंल तवा गाडी गार पाहिजे." आईनं कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, "दादा, तुमी पोरीचे बाप का पार्किंगवाले?" तुमचं आपलं "अजून मागं" चालूच.

आणि मला जायचं नव्हतं, बाबा. माणूस वाईट म्हणून नव्हे. माणूस मला माहीतच नव्हता. दोनदा भेट, दोन्ही वेळा पोहे, आणि बोलणं काय तर अकोल्यात ऊन जास्त की अमरावतीत. होकार मीच दिला होता, कोणी जबरदस्ती केली नव्हती, म्हणून तर आता कोणत्या तोंडानं सांगणार? सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, रडून झालं, मी गाडीत नवरदेवाच्या शेजारी बसले, पाठ टेकली. दार लागणार, तेवढ्यात "आई गं!" करून मी बाहेर उडी मारली. काय झालं, काय झालं म्हणून सगळे धावले. तोंडात आलं ते बोलून गेले, "सीट तापली." आपल्याकडं मे महिन्यात उन्हाचं नाव घेतलं की पुढं कोणी काही विचारत नाही. लगेच धावपळ सुरू. आत्यानं ओला टॉवेल आणला, मावशीनं पन्ह्याच्या पिंपातला बर्फ काढला, काका पोतं भिजवायला पळाले. नवरदेव खाली उतरून ड्रायव्हरवर चिडले, "तुले म्हटलं होतं ना काचा उघड्या ठेव म्हणून!" तो ड्रायव्हर नुसता तुमच्याकडं पाहत राहिला.

तुम्ही सगळ्यांना बाजूला केलं आणि नव्या कपड्यांनिशी माझ्या जागेवर जाऊन बसले. हात सीटवर ठेवला. बसूनच राहिले. सीट थंडगार होती, बाबा. गाडी दुपारपासून तुमच्या सावलीत उभी, वरून पांढरा टॉवेल अंथरलेला. साक्षीदारानं तोंड उघडायच्या आत त्याचं खोटं ओळखणारे तुम्ही, तुम्हाला कळलं नसेल असं कसं होईल? तुम्ही बाहेर आले, उपरण्यानं मान पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाप रे! चटके बसून राहिले ना! थांबा हो सगळे. अशा सीटवर मी माह्या पोरीले बसू देणार नाही." तुमच्या जिंदगीतली पहिली खोटी साक्ष असेल ती, आणि तीही एवढ्या मोठ्या आवाजात.

मग पाणी पाजायच्या निमित्तानं मला नळापाशी नेलं. माझ्याकडं न पाहताच विचारलं, "काहून वं बाई? जायचं नाही काय?" मी नळाची तोटी पिळत राहिले. "नसंल जायचं तर सांग. मी आहे ना. आताच्या आता सांगतो सगळ्याईले. लोकं बोलतीन चार दिवस, मंग त्याईले बोलाले दुसरं काही भेटंल." ग्लास माझ्या हातात देऊन तुम्ही उपरणं कमरेला बांधलं आणि मांडवाकडं वळलेही. तेव्हा मला कळलं की तुम्ही समजूत काढायला आलेले नाहीत. मी "नाही जायचं" म्हटलं असतं तर तुम्ही त्या भरल्या मांडवात खरंच जाऊन उभे राहिले असते. मी पाणी प्यायले, जराशी रडले, आणि म्हटलं, "जाईन बाबा. झाली असंल थंड आता." तुम्ही म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तुम्ही माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला.

त्यावर आपण कधीच बोललो नाही. माहेरी आले की वाटायचं, आज विचारतील. तुम्ही पंख्याखाली बसून आंबे पिळत राहायचे आणि मी साली गोळा करत. आता तुम्ही जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, म्हणून सांगते. सगळ्यांना वाटलं पोरगी शहाणी, निमूट गेली. अहो, कसली शहाणी! तुम्ही "चाल घरात" म्हणायला तयार होते, म्हणून माझ्यानं जाववलं. तुम्ही "जा बेटा, असंच असते" म्हटलं असतं ना, तर मी त्या नळाला धरून बसले असते.

माणूस चांगला निघाला, हे तुम्ही पाहून गेले. पण ह्यांच्या डोक्यात त्या दिवसापासून एक बसलं ते बसलंच, की हिची कातडी नाजूक, हिला सीटचा चटका सोसत नाही. पहिली गाडी घेतली तर आधी कापडी कव्हरं शिवून आणली. आता गाडीत एसी आहे, तरी अकोल्याच्या बाजारात मला दुकानातच बसवून ठेवतात, स्वतः उन्हात जाऊन दारं उघडतात, गाडी सुरू करतात, आणि माझ्या सीटवर हात ठेवून पाहतात. पोरगी चिडवते, "पप्पा, आईले फ्रीजमध्येच ठेवा ना." आज दुपारीही तेच. मी साड्यांच्या दुकानात पंख्याखाली बसलेली, आणि हे घामानं डबडबून दारात, "चाल, झाली गार." खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. घरात राहिला तर ह्यांच्या हाती लागेल. खरं सांगितलं तर रागावणार नाहीत, पोट धरून हसतील, मला माहीत आहे. पण मग उद्यापासून सीटला हात लावून पाहणार नाहीत, बाबा, आणि ते मला नको आहे.