गाळलेल्या जागांचं पुस्तक

सोमवार, ३ फेब्रु.
टक्. टक्-टक्. टक्. मास्तरांची पट्टी टेबलावर वाजतेय आणि आम्ही सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. साठ वर्षं होऊन गेली. आज पहाटे त्याच आवाजानं जाग आली. ही म्हणाली, कपाटाची कडी वाजतेय, पट्टी कसली. असेल. पण अर्धा तास चौथीच्या वर्गात बसून आलो.
सुनेचं, सुवर्णाचं काम गेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ऑर्डरी लिहायची. मालकानं एक पाळी बंद केली, ऑफिसही आवरलं. एका ठिकाणी बोलावलंय: टॉवेलवाल्यांची इंटरनेटवरची पानं बनवणारं छोटं ऑफिस. २८ला परीक्षा. जावास्क्रिप्ट आलं पाहिजे. नाही जमलं तर पॅकिंगला उभं राहून दिवसभर टॉवेलच्या घड्या.
महेश पुण्याहून फोनवर म्हणतो, व्हिडिओ बघ. तिला व्हिडिओ पळतात. ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय समजत नाही. हे आमच्या मुलाला कळत नाही, मला कळतं.
चहा देताना म्हणाली, "मामा, पुस्तक तुमी निवडा. घरात तुमच्याइतकं कुणी वाचलेलं न्हाय."
दिवसभर बरं वाटत होतं.

बुध., ५ फेब्रु.
नवी पेठेतलं पुस्तकाचं दुकान. पूर्वी शाळा सुरू व्हायच्या आधी इथं नव्या वाचनमालेच्या वासानं डोकं हलकं व्हायचं. आता निम्मं दुकान स्पर्धा परीक्षांचं.
पहिलं पुस्तक: इंग्रजी, उशीएवढं. पहिल्याच पानावर, वाचकाला एचटीएमएल येत असेलच असं धरून चाललोय. कुणी सांगितलं याला? नवशिक्यांसाठी म्हणून वर ठळक छापायचं आणि आत पाऊल टाकलं की तिसरीचा वर्ग.
दुसरं: रंगीत. दर पानावर एक माकड विनोद करतंय. मिटलं.
तिसरं: हिरवं, बारीक. उघडलं तर अर्धेच प्रोग्राम. मधे रिकाम्या ओळी, खाली चौकोन. उत्तरंही नाहीत. दुकानदाराला म्हटलं, लेखकाला येत नव्हतं वाटतं. तो हसला. "काका, हे कॉलेजची पोरं नेतात."
नेऊ देत.

शनि., ८ फेब्रु.
मिळालं! मराठीत. पुस्तक निवडायची माझी रीत एकच: मधलं पान उघडायचं, चार ओळी मोठ्यानं म्हणायच्या. जिभेवर चालल्या तर घ्यायचं. हे चाललं. ठसठशीत अक्षर, प्रत्येक प्रोग्राम पूर्ण, प्रश्नाखालीच उत्तर. बारा धडे.
खाकी कव्हर घातलं. नाव घातलं. सुवर्णानं पुस्तकाला नमस्कार केला. थोडं वाचून म्हणाली, "मामा, 'चल' म्हंजे व्हेरिएबल का? ऑफिसात 'चल' कुणी म्हणत नसंल." म्हटलं, अर्थ कळल्याशी कारण.

रवि., १६ फेब्रु.
पद्धत ठरली. आधी पाठांतर, मग कॉम्प्युटर. महेशचा जुना कॉम्प्युटर मीच झाकून ठेवलाय. चुकीचं टाइप केलं की हाताला वाईट वळण लागतं.
मी स्टीलची पट्टी टेबलावर वाजवतो, ती म्हणते. फॉर, कंस, लेट आय बरोबर एक, अर्धविराम. चक्क चाल लागली! एक ते दहा आकडे छापायचा प्रोग्राम तर पोरगी भांडी घासताना म्हणते.
ही दारातून ऐकत होती. "आयुष्यभर पुठ्ठ्याला भोकं पाडलीत. आता सुनेच्या डोक्याला पाडताय व्हय?"
हिला कवितेचं वावडं पहिल्यापासून.

मंगळ., २५ फेब्रु.
बारा धडे पाठ. कुठलंही पान काढा. सू. दोनदा म्हणाली, एकदा करून बघू का कॉम्प्युटरवर. म्हटलं, परीक्षेआधी मन विचलित करू नकोस. पुन्हा पहिल्या धड्यापासून म्हणायला लागली.
का कोण जाणे, ते हिरवं पुस्तक सारखं आठवतंय. त्या रिकाम्या ओळी. छपाईचा आळस, दुसरं काय.

शुक्र., २८ फेब्रु.
नाही जमलं.
दुपारी तीनला आली. चप्पल न काढता ओट्यावर बसली. मी पाणी दिलं, घेतलं नाही. मग म्हणाली,
"मला सगळं पाठ होतं की, मामा. त्यांनी फक्त उलटं मागितलं. धापासून एक. मी पानच शोधत बसले डोक्यात."
पेपरात निम्मे प्रोग्राम अर्धेच दिले होते म्हणे. मधे रिकाम्या ओळी. खाली चौकोन.
मी पट्टी ड्रॉवरमध्ये घातली.

रवि., २ मार्च
सू. दुधनीला गेली, आईकडं. चार दिवस म्हणाली. पिशवी चार दिवसांपेक्षा मोठी होती. खाकी कव्हरचं पुस्तक टेबलावर ठेवून गेली.
भांडली असती तर बरं. जाताना पायाच पडली.
ऑफिसवाल्यांनी सांगितलंय, २० मार्चला पुन्हा एकदा बसता येईल. तिनं ते मला नाही, हिला सांगितलं. वर म्हणाली, बसणार नाही. पॅकिंगच्या बाईशी बोलून ठेवते.
महेशचा फोन. "अण्णा, कविता आहे का ती?" फोन हिच्याकडं दिला.

मंगळ., ४ मार्च
चिडचिड होतेय. पुस्तक लिहिणाऱ्यावर, दुकानदारावर, हिच्यावर. आमटी अळणी नव्हती, तरी बोललो.
माळ्यावरून जेकार्ड मागाचे जुने पुठ्ठे काढले. माझ्या हातचे. तेहतीस वर्षं हेच केलं: चादरीची नक्षी आलेखावर भरायची, मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं दोरा वर, नसेल तिथं खाली. टक्. टक्-टक्. टक्. खरं तर पहाटेचा आवाज पट्टीचा की भोकं पाडायच्या पंचाचा, कोण सांगणार.
पुठ्ठे चाळताना सुतळीनं बांधलेली एक वेगळी गड्डी सापडली. बघत बसलो.
अर्धा मोर.
नवा कारागीर आला की त्याला हीच गड्डी द्यायचो. मोराचं डोकं, मान, अंग माझं. शेपटीचे पुठ्ठे कोरे. म्हणायचो, कापड बघ, अंग बघ, शेपूट तू पाड. पाडायचे वेडीवाकडी. हातभर विणून बघायचो, हसायचो, पुन्हा पाडायला लावायचो. तीनचारदा चुकला की माणूस तयार. एकालाही मी पुठ्ठे पाठ करायला लावले नाहीत. कुणी तसं म्हणालं असतं तर वेड्यात काढलं असतं.
आणि घरच्या पोरीला...
ही पाठीमागं उभी होती. गड्डी हातात घेऊन म्हणाली, "हे माझ्या भावाला शिकवलंवतं ना तुमी." एवढंच. खांद्यावर हात ठेवून आत गेली.

बुध., ५ मार्च
दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. हिरवं पुस्तक संपलं. एकच प्रत होती, परवा गेली. कोण घेऊन गेलं? आठवत नाही म्हणाला. पुन्हा कधी येईल? मागवावं लागेल, पंधरा दिवस तरी. पंधरा दिवसांनी वीस तारीख.
इतर सहा पुस्तकं चाळली. सगळ्यांत सगळं भरलेलं. एवढ्या पुस्तकांत एकालाही वाचकासाठी जागा सोडावीशी वाटली नाही.
सू.ला फोन लावला. वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही.

गुरु., ६ मार्च
दु. दोन. ही स्वयंपाकघरात आहे, चहा होईतो घाईघाईत लिहितोय.
कडी वाजली. वाटलं पोस्टमन. दार उघडलं तर विहीणबाई. एकट्या. लग्नात मानपानावरून जे बोलणं झालं, त्यानंतर आठ वर्षांत या घराची पायरी चढल्या नव्हत्या. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी.
मी म्हटलं, या. बाजूला सरलो. सुवर्णाचे उरलेले कपडे न्यायला आल्या असणार.
त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून पिशवीतून पुस्तक काढलं. हिरवं. बारीक.
"सोमवारी बाजाराला आलते, तवा तिनं आणाया सांगितलंवतं. दुकानात म्हनलं, रिकाम्या जागा असलेलं द्या. मला वाचाया येत न्हाय, तरी मिळालं."
विचारलं, ती येतेय का?
"ते मला ठावं न्हाय, पाव्हणं. तिनं एवढंच सांगून धाडलंय. पैला धडा तुमी सोडवायचा. पाठ करायचं न्हाय, कुनाला इचारायचं न्हाय. चुकलं तरी चालंल म्हनली, पन खोडायचं न्हाय. मी ते घेऊन जानार." मग उंबऱ्यातच बसल्या. "साडेपाचची गाडी हाय."
कॉम्प्युटरवरचं फडकं काढलंय. पेन्सिल सापडली. धडा पहिला, तिसरी ओळ कोरी. खाली चौकोन.
कापड बघ, अंग बघ.
विहीणबाई माझ्याकडं बघतायत.