वरचा रिकामा मजला

वरोरा

डोमाभाऊ,
तुले अन् वहिनीले जोहार. मी बरी आहो, जेवण पोटभर भेटते.

तू झाडावरचं पोळं उतरवतो, इथी कामावर पेटीत माश्या पाळतात. उन्हापायी त्या पेटीच्या दारावर लोंबून राह्यल्या होत्या. मले कीव आली, मी पेटीवर रिकामा मजला, म्हंजे आणखी एक खोका, चढवला. मंग फुलं सरली, माश्या कमी झाल्या. एवढी जागा त्यायले राखता आली नाई, पोळं खाणारा मेणकिडा शिरला. काल तो मजला काढला. आता दाटीनं बसून गुणगुणून राह्यल्या.

मले खोली मोठी देली. मी चटई कोपऱ्यात ओढून झोपते.

घरी माझ्या जागेवर कोण निजते? तुझ्या पोरीले, बुधरीले निजू दे. माझ्यासाठी रिकामी ठेवू नको, भाऊ.

तुझी लहानी,
दीपिका