माहेरपणाचं बोलावणं

उदगीर,
दि. १४ मे २०१९

चि. मन्मथ यास,

आत्याचे आशीर्वाद. तू आणि तुझी आई, माझी वहिनी, खुशाल असाल. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. फोनच करणार होते, पण तू नुसतं 'आत्या' म्हणाला असतास तरी मला पुढं बोलता आलं नसतं.

इकडं पाण्याचे हाल तसेच. टँकर आठव्या दिवशी येतो. उदगीर जिल्हा करा म्हणून चौकात मंडप टाकून लोक बसलेत. झालाच तर तुमचं जळकोट आमच्यात येईल म्हणतात. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

परवा रविवारी नांदेडला जाऊन आले. माझी शाळेतली मैत्रीण सिंधुबाई तुला आठवत असेल. तुझ्या आणि शरूच्या लग्नात पंगतीत आग्रह करकरून वाढत होती ती. आता मुलाकडं, शेषेरावकडं असते. वर्षभरापासून तिला विसर पडतो. शेषेरावचा फोन आला, "मावशी, आई सारखं तुमचं नाव घेऊन राहिली. एकदा या. दोघींना चांगल्या ठिकाणी जेवायला नेतो." हॉटेलच्या दारात सोडताना तो मला हळूच म्हणाला, "ती काही चुकीचं बोलली तर दुरुस्त करू नका. लई घाबरती."

हॉटेल वेगळंच होतं. सगळ्या भाज्याच, पण आपण कधी केल्या नाहीत अशा. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून पळसाच्या पत्रावळी. शेवग्याचा गर काढून ज्वारीच्या कुरकुरीत पापडीवर लावलेला. अख्खं वांगं राखेत भाजून त्यावर कारळाचं कूट. अंबाडीच्या बोंडांचा लालभडक बर्फ. चालवणारी पोरगी स्वतः येऊन एकेक समजावून सांगायची. एका पदार्थाला ती भलतंच नाव सांगायला लागली, तर सिंधु हसून म्हणाली, "अगं, ही घोळ हाय! शाळेच्या कुंपणाला उगवायची. दानम्मा, आपण मधल्या सुट्टीत खुडायचो बघ." मला वाटलं, कोण म्हणतं हिला विसर पडलाय?

तेवढ्यात तिनं विचारलं, "आपली शरू कशी हाय? रमली का जळकोटला?"

शेषेरावचं बोलणं आठवलं. मी म्हणाले, "रमली."

तिथं थांबायचं होतं. थांबले नाही. शरूला मुलगी झाली म्हणाले. बोबडं बोलते, आजोळी आली की माझा चष्मा ओढते म्हणाले. शरू अंगानं भरलीय, सकाळी चहावरून मन्मथशी भांडते, आणि तो हसत हसत स्वतःच आधण ठेवतो, असं सांगितलं. सिंधु टाळ्या वाजवत होती. मी जेवत होते, सांगत होते आणि मन्मथ, मला बरं वाटत होतं. तेवढा वेळ माझी लेक जिवंत होती. आणि तिच्या घरात तू होतास. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मलाच नवल वाटलं.

मग सिंधु म्हणाली, "अगं, मग माहेरपणाला बोलव की. मे महिना हाय. पोरीनं उन्हाळ्यात आईकडं यायचं न्हाई तर कुठं?"

मी म्हणाले, "बोलावलंय."



मी बोलावलं नव्हतं. तुला माहीत आहे. त्या वर्षी शरूचा फोन आला, "आई, जेवण जाईना, अंगात त्राण न्हाई. चार दिवस तुझ्याकडं येते." मी म्हणाले, इथं प्यायला पाणी नाही, टँकरचं खरं नाही, तुमची बोअर चालू आहे तर तिथंच राहा, पाऊस पडला की ये. मागून तुझा आवाज आला, "येऊ द्या की आत्या, मी आणून सोडतो. तुमच्या गल्लीतच डॉक्टर हाय." तरी मी नको म्हणाले. दोन घागरींसाठी लेकीला नको म्हणाले. आठव्या दिवशी तू तिला उदगीरच्या दवाखान्यात आणलंस तेव्हा कावीळ डोक्यात गेली होती.

आणि मातीच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर मी तुझ्या अंगावर धावून गेले. यानं माझ्या लेकीला वेळेवर दाखवलं नाही, यानं मारलं, असं ओरडले. तू मान खाली घातलीस. एका शब्दानं म्हणाला नाहीस की आत्या, मी तर आणतो म्हणालो होतो. तू गप्प राहिलास, आणि तुझ्या त्या गप्प राहण्यावर मी तीन वर्षं जगले. लोक मला बिचारी म्हणायचे. तुला काय म्हणायचे, ते माझ्या कानावर येत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

निघताना सिंधुनं माझा हात धरून विचारलं, "तुम्ही कोण? उदगीरच्या का?" हो म्हणाले. गाडीत शेषेराव म्हणाला, "मावशी, आई आज लई दिवसांनी हसली." मी खिडकीकडं तोंड करून बसले.

येत्या सोमवारी पहिल्या एसटीनं जळकोटला येते. शरूच्या त्या फोनवरचं सगळं बोलणं वहिनीसमोर आणि भावकीतल्या चार माणसांसमोर सांगणार आहे. तू अडवू नकोस. माफी मागायला येत नाही, ती मागायचं तोंड मला नाही. सांगून झालं की परतीच्या गाडीनं निघेन. तुमच्या घरचं पाणीही मागणार नाही.

तुझी आत्या म्हणवून घ्यायचा हक्क उरलाय की नाही, ते तू ठरव. मी एवढंच लिहिते,

शरणम्माची आई,
दानम्मा