अल्पशा आजाराने

प्रिय दिगू,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ एवढंच ऐकू येतं. म्हणून हे पत्र. बहिणीच्या पत्रातली ओळ काही संपादकाला कापता येत नाही, तेवढाच माझा फायदा. रावेतच्या फ्लॅटवर पाठवते आहे, ऑफिसात नाही. तिथं म्हणे येणारा प्रत्येक कागद आधी जाहिरातवाले वाचतात.

इकडे सगळं ठीक. कांद्याचे ट्रक मार्केटच्या तोंडाशी अडकलेत, कंपन्यांच्या बसगाड्या त्यांच्यामागे अडकल्यात, आणि मार्चपासूनच पंख्याखाली घामाच्या धारा लागल्यात. आईकडे तुझा पेपर रोज येतो. संपादकाची आई म्हणून फुकट. परवाच्या रविवारी गेले तेव्हा निवांत वाचला. तुमचं ते ‘हिरवं पान’, भीमराजशेठच्या सौजन्यानं. छपाई फार सुरेख हो! ध्रुवावरचं अस्वल उपाशी आहे, कुठल्याशा बेटांवरच्या लोकांना घरं सोडावी लागणार आहेत, सगळं कळलं. तुझ्या पेपरातला हवामान बदल जगभर हिंडतो, फक्त मोशी ओलांडून चाकणला येत नाही. येईल कसा? इथं शेठच्या ओतकामाच्या शेड आहेत, तिकडं पुनावळ्याला ओढा बुजवून बांधलेली शेठची फ्लॅटची स्कीम आहे, आणि तीन वर्षांपूर्वी पेपरही शेठनीच विकत घेतला. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं कुंपणानं शेत खाऊन वर त्याची बातमीही स्वतःच लिहिली.

गेल्या पावसाळ्यात त्या स्कीमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा तू मथळा दिलास, ‘वरुणराजा कोपला’. बिचारा वरुणराजा! त्याची जाहिरात नसते, म्हणून त्याच्यावर काहीही छापता येतं. पुढच्याच पानावर त्याच स्कीमची रंगीत जाहिरात होती, ‘निसर्गाच्या कुशीत’. उन्हाळ्यातही तेच. तुमचा फोटोग्राफर तोंडाला स्कार्फ बांधलेल्या पोरी शोधत फिरणार, खाली ‘उन्हाचा तडाखा, कलिंगडांना मागणी’, आणि शेजारी एसीची जाहिरात. ऊन दरवर्षी का चढतंय, पत्र्याखाली भट्टीपुढं उभी असलेली माणसं भर दुपारच्या शिफ्टला काय करतात, हे विचारायला तुला कॉलम सापडत नाही. कलिंगडाला मात्र सापडतो.

तू असा नव्हतास, याचाच जास्त राग येतो. जुन्या मालकांच्या वेळी इंद्रायणीवरच्या फेसाची बातमी तू दिली होतीस, आठवतं? आप्पांना वाचता येत नव्हतं, पण तो पेपर घेऊन ते चहाच्या टपरीवर जाऊन बसले. येईल त्याच्याकडून ती बातमी मोठ्यानं वाचून घेतली, आणि कुणी शंका काढली की म्हणायचे, “माज्या पोरानं छापलंय, म्हंजी ते खरंच हाय.” आपल्या घरात देवाच्या शपथेनंतर तुझ्या पेपराचाच नंबर. खाल्ल्या मिठाला जागावं हेही तुला आप्पांनीच शिकवलं. तू जागलास, पण शेठच्या मिठाला.

कालच तुमच्या वर्धापनदिनाची पत्रिका आली. शेठना ‘हरितमित्र’ पुरस्कार. देणारा पेपर शेठचा, घेणारे शेठ, मानपत्र लिहिणारा तू. शेठच्या पैशाचा हार शेठच्याच गळ्यात, आणि तो नीट बसला की नाही बघायला आमचा दिगू. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलंस. कुटुंब येणार नाही.

आता आप्पांचं. गेल्या मे महिन्यात शेठच्याच शेडमध्ये कामावर असताना भट्टीपुढं ते कोसळले, तेव्हा दवाखान्यात आपण दोघं दाराबाहेर उभे होतो. डॉक्टरांनी आपल्या दोघांनाच सांगितलं, उष्माघात आहे, अंगातली उष्णता उतरलीच नाही. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तुझ्याच पेपरात आतल्या पानावर आलं, ‘गेनू आबाजी यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते या दैनिकाचे संपादक दिग्विजय यांचे वडील होत.’ खाली शेठची श्रद्धांजलीची जाहिरात; त्यात आप्पांचा फोटो लहान आणि हात जोडलेले शेठ मोठे. तुला विचारलं तर म्हणालास, असंच लिहायची पद्धत असते, ताई. असेल. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. पण शेळीच्याच पोरानं तसं म्हणावं, हे नवीन.

तरीही हे सगळं मी गिळून गप्प राहिले असते. गेलं वर्ष गप्पच होते. पण रविवारी भाजी निवडता निवडता आईनं मला विचारलं, तुज्या बापाला आजार कोन्ता व्हता गं? मला वाटलं, तिला विसर पडायला लागला. तसं नव्हतं, दिगू. ती बातमी तिला तेव्हा शेजारच्या सोजराबाईनं वाचून दाखवली होती. तेव्हापासून आई एकवेळच जेवते, आणि आपण समजत होतो दुःखानं. ती म्हणाली, “येवढी वर्सं त्यांच्याम्होरं ताट वाढलं, आन् मला त्यांचा आजार दिसला न्हाई. मी कसली बायको?” मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आजार नव्हता, ऊन होतं, भट्टी होती, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. “माजी समजूत काढायला तू हे बोलतीयास,” म्हणाली. “दिगू बापाविषयी खोटं कशाला छापंल?” म्हणून हे पत्र. पेपरात दुरुस्ती छाप असं मी म्हणत नाही, तेवढी छाती तुझ्यात उरलेली नाही हे मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्याच्या आधी एकदा घरी ये. तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग, की आप्पांना कसलाही आजार नव्हता आणि तू खोटं छापलंस. मी सांगून भागत नाही. तुझ्या पेपरावर मनापासून विश्वास ठेवणारी आता बहुतेक तीच एकटी उरली आहे. तो विश्वास मोडायला तुलाच यावं लागेल.

अजूनही तुझीच,
पुनमताई