टीव्ही तुमच्या खोलीत हलवलाय

बाबा,

आम्ही तिघं बाहेर जेवायला चाललोय. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. ताट झाकून ठेवलंय.

कचऱ्यातून उचलून आणलेल्या त्या छोट्या टीव्हीला तुम्ही महिनाभर सोल्डरिंगचे डाग देत बसलात, आणि काल खरंच चित्र उमटलं. तुमच्या चिकाटीला मानलं! तो आता तुमच्या खोलीत ठेवलाय, तेव्हा संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसायची गरज उरली नाही. यापुढे ताटही तिथेच येईल. तुमच्या मुलालाही हेच हवंय, फक्त तोंडावर बोलायचा धीर होत नाही त्याला.

चिमी "आजोबांचा टीव्ही बघायचाय" म्हणून हटून बसली होती. तो पुन्हा बिघडला, असं सांगितलंय तिला. तिची चाहूल लागली की बंद करत जा.

— सून